भाषेच्या तासाची शेवटची पाच मिनिटं – काय करून घेता तुम्ही?

सहावी_ब_ची_बाई

नमस्कार मंडळी, मी अंधेरीला एका इंग्लिश मीडियम शाळेत मराठी शिकवते, सहावी आणि सातवी. वर्गात पन्नासच्या वर मुलं, त्यातली निम्म्याहून जास्त गुजराती आणि हिंदी बोलणारी, थोडी तमिळ-मल्याळी, घरी मराठी शब्द कानावर पडतो तो कामाला येणाऱ्या मावशी फोनवर बोलतात तेवढाच. २०२० चा मराठी सक्तीचा कायदा आला तेव्हापासून विषय टाइमटेबलमध्ये पक्का बसलाय, पण आमच्याकडे त्याला फक्त ग्रेड आहे, टक्केवारीत धरत नाहीत, मग पालकांच्या लेखी तो पीटीच्या रांगेतला विषय.

प्रॉब्लेम असा की तास ३५ मिनिटांचा, धडा संपतो, आणि शेवटी चार-पाच मिनिटं उरतात. मी विचारते "समजलं का?", सगळे एका सुरात "येस टीचर". दुसऱ्या दिवशी विचारलं काल काय केलं, तर वर्गात चिडीचूप. कधी अंताक्षरी घेते, कधी फळ्यावर शब्द ओळखा खेळते, त्यात तीच चार मुलं ओरडतात आणि मागचे बाक दप्तर भरून तयार.

अडचणी सांगून ठेवते म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाचेल. बाक जमिनीला फिक्स आहेत, गट करून गोल बसवता येत नाही. बाजूच्या वर्गातल्या गणिताच्या टीचर आवाज झाला की दारात येऊन उभ्या राहतात. प्रिंटआउट काढायला ऑफिसात अर्ज द्यावा लागतो. आणि बीएडला "समारोप" म्हणून जे शिकवलं होतं ते पाठ टाचणात लिहायला छान आहे, वर्गात त्याचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही.

प्लीज करून पाहिलेलं सांगा, यूट्यूबवरचं नको.

गिरगावकर_गुरुजी

बाई, आधी "समजलं का" हा प्रश्नच बंद करा. मी महापालिकेच्या शाळेत सगळी नोकरी काढली, या प्रश्नाला "नाही" म्हणणारं पोरगं मला भेटलं नाही. त्याला घरी जायचंय हो, तो कशाला नाही म्हणेल.

माझ्याकडे एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा असायचा. ऑफिसातले एका बाजूने छापलेले रद्दी कागद आणायचे, एकाचे आठ तुकडे करायचे, पन्नास मुलांना सात कागद म्हणजे अर्ज बिर्ज काही लागत नाही. शेवटची चार मिनिटं राहिली की पुस्तक बंद, वही बंद, फळा पुसायचा. हे फळा पुसणं महत्त्वाचं आहे, नाहीतर बघून उतरवतात आणि आपल्याला वाटतं वा काय छान आलं. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच वाक्य लिहायचं, आज शिकलो ते वापरून, पण स्वतःबद्दलचं. धड्यातलं चालणार नाही. म्हणजे आज भूतकाळ झाला असेल तर "काल मी काय खाल्लं". त्यात कर्म बदललं की क्रियापद कसं बदलतं ते सगळं बाहेर येतं, वडा खाल्ला, भाजी खाल्ली, आइस्क्रीम खाल्लं. एखादा लिहितो "मी पाणीपुरी खाल्ला", की समजायचं हा "मी" पुल्लिंगी म्हणून क्रियापद पुल्लिंगी करतोय. ही चूक शंभर वेळा समजावून सांगून दिसत नाही, चिठ्ठीत एका नजरेत दिसते.

बाहेर जाताना चिठ्ठी डब्यात टाकायची. टाकल्याशिवाय दाराबाहेर नाही.

आता तपासायचं कसं, तर तपासायचं नाही. लाल पेन काढलंत की मेलात, पन्नास चिठ्ठ्या रोज कोण तपासणार. घरी जाताना गाडीत बसायला मिळालं तर मांडीवर तीन गठ्ठे करायचे, जमलं, जवळपास आलं, अजिबात नाही. दहा मिनिटांचं काम. तिसरा गठ्ठा जाड झाला तर उद्या तोच भाग परत, मग पोर्शन मागे राहिला तरी चालेल. आणि दुसऱ्या दिवशी तासाची सुरुवात मधल्या गठ्ठ्यातल्या तीन वाक्यांनी, नाव न सांगता फळ्यावर लिहायची, वर्गाने दुरुस्त करायची. ज्याचं वाक्य असतं तो मान खाली घालून हसत असतो, ते आपल्याला बरोबर कळतं.

पुढील_स्टेशन

गुरुजींचा डबा मस्त. मी डोंबिवलीहून लिहितोय, शाळा घाटकोपरला, आमच्याकडे पण भाषिक खिचडीच.

बाक फिक्स आहेत म्हणता ना, मग बाकांच्या रांगा म्हणजे रेल्वे लाइनच झाली. मी लोकल खेळतो. प्रत्येक रांग एक गाडी, प्रत्येक मूल एक स्टेशन. पहिल्या बाकावरचा म्हणतो "पुढील स्टेशन कुर्ला", मागचा म्हणतो "मी कुर्ल्याला उतरतो" आणि त्याच्या मागच्याला पुढचं स्टेशन देतो. स्लो लोकल असेल तर प्रत्येक जण बोलणार, फास्ट असेल तर मी एकाआड एक बोट दाखवतो, म्हणजे आपली पाळी नाही म्हणून कोणी झोपत नाही. कोणी अडकला तर "सिग्नल", गाडी थांबते, आजूबाजूचे हळू आवाजात मदत करतात, त्याने ते वाक्य स्वतः पूर्ण म्हटलं की गाडी पुढे. बाद बिद काही नाही, बाद झालेलं मूल पुढची चार मिनिटं उनाडक्या करतं.

खेळ म्हणून सुरू केलं होतं पण सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं ते, शिकवायला याच्यासारखी दुसरी सोय नाही, कारण मुंबईच्या स्टेशनांची नावं तयार उदाहरणं आहेत. सेंट्रल लाइन घ्या. भायखळ्याला, परळला, दादरला, माटुंग्याला, कुर्ल्याला, घाटकोपरला, विक्रोळीला, मुलुंडला, ठाण्याला, कळव्याला, मुंब्र्याला, दिव्याला, डोंबिवलीला. मी नियम सांगतच नाही. दोन-तीन दिवस नुसती गाडी चालवतो, चुकलं तर बरोबर रूप म्हणून दाखवतो आणि पुढे. मग एक दिवस शेवटच्या पाच मिनिटांत फळ्यावर दोन रकाने काढतो, एकात न बदललेली, दुसऱ्यात बदललेली, आणि विचारतो काय दिसतंय. भायखळा, माटुंगा, कुर्ला, कळवा, मुंब्रा, दिवा एका बाजूला आली की कोणीतरी ओरडतंच "सर सगळ्यांच्या शेवटी आ आहे!" ठाणे तेवढं एकटं पडतं, मग पुणे आठवतं कोणाला तरी, की ते पण तसंच, पुण्याला. ज्या पोरांनी पुस्तकातला सामान्यरूपाचा तक्ता पाठ करून परीक्षेनंतर विसरून टाकला असता ती आता "फळ्यावर", "पंख्याखाली" बरोबर म्हणतात, कारण कान बसलाय.

तुम्ही अंधेरीला म्हणजे वेस्टर्न लाइन. तिथे आ वाली कमी आहेत हा एक तोटा. वांद्रे घ्या, वांद्र्याला. बाकी हार्बरचा वडाळा उसना घ्यायचा.

आवाजाचं म्हणाल तर एका वेळी एकच जण बोलतो, गणिताच्या टीचर येणार नाहीत.

काळाघोडा_कट्टा

मी मोठ्यांना जर्मन शिकवतो, मुलांचा अनुभव नाही, पण शेवटच्या पाच मिनिटांवर आम्ही आमच्या ट्रेनिंगमध्ये फार डोकं घातलंय म्हणून लिहितो.

अंताक्षरी आणि शब्द ओळखा, दोन्ही बंद करा असं माझं स्पष्ट मत. वाईट म्हणून नाही, त्यात आज शिकवलेलं काही लागत नाही म्हणून. "क" वरून शब्द सांगायला पोरगं तिसरीत शिकलेला शब्द वापरतं आणि जिंकतं. शेवटची पाच मिनिटं करमणुकीची नाहीत, आजचं डोक्यातून बाहेर काढून बघायची आहेत. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात वेगाने निसटतं ते पहिल्या काही तासांत. आणि २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, एका गटाने उतारा परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे होते. म्हणून गुरुजी फळा पुसायला लावतात ते शंभर टक्के बरोबर, त्यांनी ते कुठे वाचलेलं नसलं तरी.

आता आवाज न करता पन्नास जणांकडून एकाच वेळी उत्तर काढायचं असेल तर हे बघा. डोळे बंद. मी शब्द म्हणतो, तुम्ही हाताने सांगायचं. जर्मनला मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, त्यामुळे आमचं दुखणं सेमच. तो असेल तर मूठ, ती असेल तर उघडा पंजा, ते असेल तर दोन बोटं. पंखा, खिडकी, दप्तर, पाटी, पुस्तक, फळा, घर. हिंदीत नपुंसकलिंग नाही त्यामुळे तुमची हिंदीवाली मुलं नेमकी "ते"ला घसरतात, "माझा नाव", "माझी पुस्तक", "माझा घर". डोळे बंद असल्यामुळे शेजाऱ्याचं बघता येत नाही आणि कोण चुकलं ते फक्त तुम्हाला दिसतं, तेव्हा लाज पण नाही. दहा शब्द, दोन मिनिटं.

हेच ल आणि ळ ला चालतं. काल-काळ, वेल-वेळ, बाल-बाळ. ळ ऐकू आला तर हात वर. तमिळ आणि मल्याळी मुलं यात सगळ्यांच्या पुढे असतील बघा, ळ त्यांच्या घरचा आहे. वर्षभर मागे पडणाऱ्या मुलाला एकदा तरी पहिलं येऊ दे.

पुढील_स्टेशन

@काळाघोडा_कट्टा अंताक्षरीवर एवढा राग नको हो. सातवा तास, जून महिना, बाहेर धोधो पाऊस आणि निम्मी पोरं भिजलेली, तेव्हा आठवून काढा म्हणणारा तुमचा एबिंगहाउस आमच्या वर्गात येऊन दाखव म्हणावं. वर्ग जागा ठेवणं हे पण काम आहे. आणि अंताक्षरीचा नियम बदलला की झालं, आजच्या धड्यातलेच शब्द, आणि शब्द म्हटला की त्याचं वाक्य पण.

काळाघोडा_कट्टा

मग ती अंताक्षरी राहिलीच कुठे 😄 पण ठीक आहे, तसं असेल तर माझी हरकत नाही.

ठाण्याचा_बाबा

शिक्षक नाही, पालक आहे, तरी घुसतो. माझी मुलगी सातवीत, मराठी आमची मातृभाषा असून तिला मराठीचा तास नको असतो. कारण विचारलं तर म्हणे शेवटी टीचर "उरलेलं घरून लिहून आणा" म्हणतात. रोज. म्हणजे तासाचा शेवट म्हणजे शिक्षा असं पोरांच्या डोक्यात बसलंय. ते तेवढं करू नका, बाकी लोकल चालवा नाहीतर विमान.

शनिवारची_शाळा

मी दादरला शनिवार-रविवार अमराठी मोठ्या माणसांना बोलायची मराठी शिकवते. बदली होऊन आलेले बँकवाले, दोन डॉक्टर, लग्न होऊन मराठी घरात आलेल्या मुली, असे सगळे. त्यांना परीक्षा नसते त्यामुळे माझा समारोप एकच, जायच्या आधी प्रत्येकाने सांगायचं की आज शिकलेलं वाक्य तो कोणाला म्हणणार. माणूस ठरलेला पाहिजे. "रिक्षावाल्याला" चालत नाही, "माझ्या बिल्डिंगखालच्या स्टँडवर जे काका असतात त्यांना" असं पाहिजे. पुढच्या शनिवारी पहिला प्रश्न, म्हटलं का, आणि समोरचा काय म्हणाला. बँकेतल्या एका बिहारी सरांनी भाजीवालीला "मावशी, कोथिंबीर जरा जास्त द्या ना" म्हटलं तर ती म्हणाली "आज कुठून शिकून आलात", आणि जुडी मोठी दिली. त्यानंतर त्यांनी एकही शनिवार बुडवला नाही.

शाळेत पण जमेल. वॉचमन काका, कँटीनच्या ताई, बसमधल्या ताई, हे बहुतेक सगळे मराठीच असतात. "जाताना काकांना विचारा, जेवलात का".

अजून एक, हे थोडं आवाजाचं आहे पण कुजबुज म्हणून करता येतं. पॉल नेशन नावाचे भाषा शिकवण्यातले मोठे अभ्यासक आहेत, त्यांनी लोकप्रिय केलेली ४-३-२ ची पद्धत. तीच गोष्ट आधी एकाला चार मिनिटांत सांगायची, मग दुसऱ्याला तीन, मग तिसऱ्याला दोन. विषय तोच, ऐकणारा नवा, वेळ कमी, त्यामुळे प्रत्येक वेळी जीभ सुटत जाते. तुमच्याकडे एवढा वेळ कुठला, मी तर तासाच्या शेवटी त्याचं बारकं रूप करते, एक मिनिट, चाळीस सेकंद, वीस सेकंद. शेजारच्याला, मग पुढच्या बाकावरच्याला, मग मागच्या. बाक फिक्स असले तरी माना वळतात. यात मधे थांबवून चूक काढायची नाही, बोलू द्यायचं. व्याकरणाला वेगळा तास आहे.

सहावी_ब_ची_बाई

बापरे एवढं सगळं, थँक्यू थँक्यू! दोन प्रश्न. एक, माझी तमिळ-मल्याळी मुलं देवनागरी हळू लिहितात, चार मिनिटांत वाक्य होत नाही, बिचारी काना-मात्रेत अडकतात. आणि गुरुजी, वाक्यात पाच चुका असतील तर कुठल्या गठ्ठ्यात?

गिरगावकर_गुरुजी

आज जे शिकवलं ते बरोबर आहे का तेवढंच बघायचं. बाकी चार चुकांकडे डोळेझाक. तुम्ही सामान्यरूप शिकवलं आणि त्याने "शाळेत" बरोबर लिहिलं पण र्‍हस्व-दीर्घाची वाट लावली, तर पहिला गठ्ठा. र्‍हस्व-दीर्घ मोजायला बसलात तर आपली मराठी मुलंसुद्धा तिसऱ्या गठ्ठ्यात जातील, आणि खरं सांगू का, स्टाफरूममधले निम्मे पण.

हळू लिहिणाऱ्यांना चिठ्ठी देऊ नका, दारात उभं राहा आणि त्यांच्याकडून वाक्य तोंडी घ्या. पाच-सहाच मुलं असतील ना. ती रांगेत शेवटी. लिहिणं आणि येणं यात फरक आहे, मूल बोलून दाखवतंय तर त्याला येतंय. लिपीचं वेगळं बघू.

सहावी_ब_ची_बाई

अपडेट देते, विचारून गायब झाले असं नको.

चिठ्ठ्या सुरू केल्या. पहिल्या दिवशी अर्ध्या जणांनी धड्यातलं पहिलं वाक्यच लिहून दिलं, पुस्तक बंद असूनही, पाठच होतं त्यांना. दुसऱ्या दिवशी सांगितलं की वाक्यात "मी" किंवा "माझ्या घरी" आलंच पाहिजे, मग रंग चढला. एक चिठ्ठी अशी होती, "माझ्या घरी कुत्रा नाही पाहिजे आई बोलते पण मला पाहिजे". विराम नाही काही नाही, पण काय कळायचं राहिलं सांगा! डोळे बंद करून मूठ-पंजा हा तर त्यांचा लाडका प्रकार झालाय, आणि त्यात मला कळलं की वर्गातली सगळ्यात हुशार समजली जाणारी मुलगी लिंग सरळ अंदाजाने मारते, तोंडी कायम हात वर करते म्हणून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पेन या शब्दावर मी स्वतः अडले. मी "ते पेन" म्हणते, आमच्या कला शिक्षिका "तो पेन" म्हणतात, वर्गात दोन पार्ट्या पडल्या, शेवटी पेन यादीतूनच काढलं.

४-३-२ जमलं नाही, वीस सेकंदांच्या फेरीपर्यंत कुजबुजीचा बाजार झाला आणि टीचर आल्याच दारात.

पण खरी गंमत लोकलची. वेस्टर्न लाइनवर आ वाली स्टेशनं संपली म्हणून मी म्हटलं आपापल्या गावाचं नाव घ्या. तर आग्र्याला, पाटण्याला, बडोद्याला, धडाधड बरोबर. मी खुश. आणि मग मागच्या बाकावरून एक पोरगा, जो वर्षभर तोंड उघडत नाही, तो म्हणतो "टीचर, माझे काका अमेरिकाला असतात, मग अमेरिक्याला का?" घंटा झाली. मी म्हटलं उद्या सांगते. आता तुम्हीच सांगा एवढ्याशा पोरांना हे कसं सांगू?

पुढील_स्टेशन

वा! हा प्रश्न यायलाच पाहिजे होता. सांगू नका, परत रकाने काढा. गोवा, आग्रा, पाटणा, बडोदा एका बाजूला. अमेरिका, आफ्रिका, श्रीलंका दुसऱ्या बाजूला, अमेरिकेला, आफ्रिकेला, श्रीलंकेला. मग त्यांना रोजचे शब्द जोडायला लावा, फळा-पंखा-रस्ता कुठे बसतात आणि शाळा-भाषा-सभा कुठे. फळ्याला, रस्त्याला, पण शाळेला, भाषेला. मूठ-पंजा त्यांना येतोच आहे, तोच करायला सांगा प्रत्येक शब्दावर. एका रकान्यात सगळ्या मुठी, दुसऱ्यात सगळे पंजे, आपोआप दिसेल.

काळाघोडा_कट्टा

आणि कोणीतरी कॅनडा म्हणेल, तयारीत राहा. कॅनडाला, रशियाला, काहीच बदलत नाही.

सहावी_ब_ची_बाई

कॅनडा म्हणणारे दोघं तरी आहेतच वर्गात, एकीची बहीणच गेलीये तिकडे शिकायला. ठीक आहे, तिसरा रकाना काढते. गुरुजी, उद्याच्या चिठ्ठीला "माझं कोण कुठे राहतं" हे वाक्य चालेल ना?

गिरगावकर_गुरुजी

चालेल, पण "मुंबईला" बंदी घाला. नाहीतर पन्नास चिठ्ठ्यांवर मुंबईच येईल.